‘खैबर’ला शेवटपर्यंत विमानहल्लाच का वाटला?

तुमचा प्रश्न असा, की ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीजवळ बुडालेल्या पाकिस्तानच्या ‘खैबर’ या विनाशिकेने ‘शत्रूच्या विमानांचा हल्ला’ असा संदेश धाडला. आपल्यावर क्षेपणास्त्र आलंय हे एवढ्या मोठ्या युद्धनौकेला कळू नये?

मी नौदलातला नाही, हौसेने वाचणारा आहे. पण यात त्यांचा बावळटपणा होता असं मला वाटत नाही. ‘खैबर’चा जन्मच मुळी विमानांशी लढण्यासाठी झाला होता.

तिचं मूळ नाव ‘कॅडिझ’. ग्लासगो शहरातल्या गोव्हन भागात, फेअरफिल्ड कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये पाण्यात उतरली. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनांच्या सूर मारून येणाऱ्या विमानांनी ब्रिटिश विनाशिकांची दैना केली होती. मोठ्या तोफा होत्या, पण त्यांची तोंडं साधारण ४० अंशांच्या वर जातच नव्हती, त्यामुळे डोक्यावर आलेल्या विमानापुढे त्यांचा काही उपयोग नव्हता. त्या धड्यातून ‘बॅटल’ वर्गातल्या विनाशिका जन्मल्या. साडेचार इंची चार तोफा, दोन्ही जोड्या पुढच्या बाजूला, उंच कोनात मारा करणाऱ्या. शिवाय विमानांवर भराभर मारा करणाऱ्या छोट्या बोफर्स तोफांचा ताफा. ‘कॅडिझ’ त्यांतलीच एक. ती पूर्ण होईपर्यंत १९४६ उजाडलं, म्हणजे नवरी नटून उभी राहिली तेव्हा वरात गावाबाहेर गेलेली!

१९५७ मध्ये पाकिस्तानने तिला घेतलं आणि तिची ‘खैबर’ झाली. तिच्याच वर्गातली ‘गॅबर्ड’ तिकडे ‘बद्र’ झाली. सप्टेंबर १९६५ मध्ये द्वारकेवर रात्री तोफा डागणाऱ्या सात पाकिस्तानी जहाजांत ‘खैबर’ होती. द्वारकेचं नुकसान फारसं झालं नाही, पण ती रात्र आपल्या नौदलाला फार झोंबली.

त्यानंतर ऑक्टोबर १९६७ मध्ये पोर्ट सईदजवळ जे घडलं, ते खरं तर जगभरच्या विनाशिकांसाठी धोक्याची घंटा होती. इजिप्तच्या चिमुकल्या नौकांनी रशियन पी-१५ क्षेपणास्त्रं सोडून इस्रायलची ‘एलात’ बुडवली. तीही ब्रिटिशांची महायुद्धातली जुनी विनाशिकाच. पुढे हीच क्षेपणास्त्रं भारताने नौकांसकट सोव्हिएत संघाकडून घेतली.

या नौका केवढ्या असतात ते बघायचं असेल तर कारवारला जा. तिथल्या किनाऱ्यावर ‘चपळ’ ठेवलेली आहे. त्या रात्री कराचीवर गेलेल्या तीन नौकांपैकी ती नव्हे, पण त्याच जातीची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ‘एवढीशीच?’ असं तोंडून गेलं. लांबी जेमतेम ३९ मीटर. ‘खैबर’ ११५ मीटरची. पण पाठीवर चार क्षेपणास्त्रं, आणि एकेकात जवळजवळ पाचशे किलोंचा स्फोटक भाग. पल्ला साधारण ४० किलोमीटर. अडचण एकच, या नौकांना फार लांब जाण्याइतकं इंधन मावत नसे. त्यांचा उपयोग बंदराच्या राखणीसाठी, असं मानलं जाई. आपल्या लोकांनी त्यांना दोराने ओढत नेऊन थेट कराचीवर सोडायचं ठरवलं. ‘ऑपरेशन ट्रायडंट’ ते हेच.

त्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका निघाल्या, सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या मोठ्या युद्धनौका. नेतृत्व कमांडर बब्रुभान यादवांचं. ‘खैबर’ कराचीच्या बाहेर गस्तीवर होती. पावणेअकराच्या सुमारास ‘निर्घात’ने पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. (‘खैबर’ ‘वीर’ने बुडवली असं कधी कधी वाचायला मिळतं, ते चूक आहे.)

आता ‘खैबर’च्या डेकवरून विचार करा. काळोखात दूरवर एक तेजस्वी ठिपका दिसतो, वेगाने जवळ येतो. क्षितिजापर्यंत शत्रूचं जहाज नाही. युद्ध पेटून जेमतेम एक दिवस झालेला, सगळ्यांचे कान विमानांकडे. त्यांनी बोफर्स चालवल्या. क्षेपणास्त्र उजव्या बाजूला, मागच्या स्वयंपाकघराखाली आदळलं. वीज गेली, बॉयलर रूममध्ये स्फोट झाला. त्या धुरात आणि अंधारात कुणीतरी संदेश पाठवला: विमानहल्ला, एक नंबरचा बॉयलर गेला, जहाज थांबलं. चार मिनिटांत दुसरं क्षेपणास्त्र आलं. जहाज बुडालं आणि २२२ माणसं गेली.

विमान म्हटल्याने तिचं नशीब बदललं नसतं. दुसरं क्षेपणास्त्र थोपवायला तिच्याकडे काही नव्हतंच. खरी महागात पडली ती त्याच संदेशातली दुसरी चूक. गडबडीत जहाजाचं ठिकाण चुकीचं सांगितलं गेलं, त्यामुळे पाण्यात पडलेल्यांपर्यंत मदत पोचायला उशीर झाला. ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका उजेड पाहून तिकडे वळली, तर तिच्यावर ‘वीर’चं क्षेपणास्त्र पडलं. तिला संदेश धाडायलाही वेळ मिळाला नाही. ‘खैबर’च्या माणसांना शोधत फिरणाऱ्या नौकेला पाण्यात ‘मुहाफिज’ची माणसं सापडली, तेव्हा कुठे कराचीला कळलं की आपली आणखी एक नौका गेली आहे.