गंजलेल्या रिसीव्हरमध्ये नवा बॉल माउंट बसवताना

जुनी एसयूव्ही घेतली, मागे २ इंची रिसीव्हर (ट्रेलर जोडायची चौकोनी पोकळ नळी) आहे, पण नवा बॉल माउंट (त्या नळीत बसणारा, ट्रेलरसाठीचा गोळा म्हणजे बॉल धरणारा दांडा) चार बोटं आत जाऊन अडकतो, हातोडीने ठोकू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून ठोकू नका. दांडा अडकवून ठेवणाऱ्या पिनच्या भोकाअलीकडे जाम झाला तर तो ना पुढे जाईल, ना मागे येईल.

मिशिगनकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इकडच्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि नळी व दांडा यांच्यात फट मुळात जेमतेम एक-दीड मिलिमीटरची.

पण साफसफाईच्या आधी नळी वाचवण्यालायक आहे का ते बघा. गाडीखाली जा, नळी, वेल्डिंग आणि चासीला धरलेले बोल्ट हातोडीने हलकेच ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. खारीसारखे पापुद्रे सुटू लागले, भोक किंवा तडा दिसला, तर अख्खा हिच (नळीसकट चासीला लावलेली सगळी जोडणी) बदला. इथे पैसे वाचवू नका, तुमच्या ट्रेलरमागे लोकांची मुलंबाळं असलेल्या गाड्या धावत असतात.

नळी धड असेल तर पीबी ब्लास्टर किंवा क्रॉइल यांसारखं गंज सैल करणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी गॉगल लावून ड्रिलला गोल वायर ब्रश जोडा, मग ८० नंबरचं फ्लॅप व्हील (सँडपेपरच्या पट्ट्यांचं चाक). गंजाचा भुसा निपटून काढा.

आता हातमोजा घालून आत बोट फिरवा. बहुतेक नळ्यांना आतून एका बाजूला लांबच लांब उंचवटा लागतो, ती वेल्डिंगची शिवण. पुष्कळदा खरा अडथळा तीच असते आणि लोक बिचाऱ्या गंजाच्या मागे लागतात. चपट्या कानशीने तेवढा उंचवटा उतरवा, नळीची भिंत खाऊ नका. पिनच्या भोकांच्या आतल्या कडाही बघा. दांड्यावर रंग जाड असेल तर कोपऱ्यांवरचा रंग घासायला हरकत नाही, पण पोलाद घासायचं नाही. आणि गॅसची ज्योत तिथे मुळीच नको, इंधनाची टाकी आणि वायरिंग जवळ असतं.

शेवटी दांड्याला अँटी-सीझचा (जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात द्या. ५/८ इंची पिन न ठोकता, हाताने आरपार गेली पाहिजे. ट्रेलर नसेल तेव्हा, निदान हिवाळ्यात तरी, माउंट काढून घरात ठेवा, नळीत फ्लुइड फिल्म (गंजरोधक फवारा) मारा आणि रबरी झाकण लावा.

ट्रेलरचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. गाडी, रिसीव्हर, माउंट आणि बॉल, चौघांच्या क्षमतेतला सगळ्यात लहान आकडा तीच तुमची मर्यादा. रिसीव्हरवरचं स्टिकर गंजात गेलं असेल तर मॉडेल आणि साल सांगा, शोधून देतो.