सीए सोडून ऑइल पेंटिंग? खेतवाडीच्या एका हिशेबनिसाची गोष्ट

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे. सीए इंटरचा (मधल्या परीक्षेचा) एक ग्रुप निघाला, दुसरा राहिलाय. आता म्हणते, सगळं सोडून बडोद्याला पेंटिंग शिकायला जाते. भूपेन खख्खर नावाच्या चित्रकाराचा दाखला देते. तेही सीए होते म्हणे, सोडून ब्रश धरला. त्यांची चित्रं मला दाखवली. भडक रंग आणि कॅलेंडरवर असतात तशी माणसं. आमचं किराणा दुकान आहे, घरात कलेचं कोणी नाही. घराच्या गॅलरीत सतत टर्पेंटाइनचा वास, परवा बायकोच्या साडीला निळा डाग पडला. मुलीला कसं समजवावं? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. मुलीने सांगितलेली गोष्ट खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी तुमच्या बाजूची निघेल म्हणून लगेच खूश होऊ नका, ती तिच्याही कामाची आहे.

खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मले, खेतवाडीत वाढले. वडील लहानपणीच गेले. घरच्यांच्या सगळ्या आशा या शिकणाऱ्या मुलावर. बी.कॉम. झाले, सीए झाले आणि १९६२ मध्ये चित्रकार मित्र गुलाममोहम्मद शेख यांच्या सांगण्यावरून बडोद्याला गेले. तिथे त्यांनी प्रवेश घेतला तो पेंटिंगला नव्हे, कलासमीक्षेला. रंग लावायला ते बरंचसं आपलं आपणच शिकले. आणि आता लेकीने गाळलेला भाग : हिशेब त्यांनी सोडले नाहीत. बडोद्यातल्या एका छोट्या कारखान्यात ते अर्धवेळ हिशेबनीस म्हणून वर्षानुवर्षं जात राहिले. पोटाची सोय खतावणीने केली, त्यामुळे चित्राला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

कॅलेंडरसारखी चित्रं, हे तुम्ही वैतागून लिहिलंय, पण नेमकं लिहिलंय. सुरुवातीला ते बाजारातली देवादिकांची छापील चित्रं कापून आपल्या चित्रात चिकटवत. मग सत्तरच्या दशकात ऑइलमध्ये आली ती दुकानदारांची मालिका : ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डिलक्स टेलर्स’, ‘बार्बर्स शॉप’. घड्याळजी, शिंपी, न्हावी. फोटो स्टुडिओत उभं केल्यासारखी जरा अवघडलेली माणसं आणि टपरीला मारतात तसले पोपटी, निळे, गुलाबी रंग. मोठ्या चित्रकारांच्या कॅनव्हासवर तेव्हा असल्या माणसांना जागा नव्हती. खख्खर यांना ही माणसं दिसली, कारण ते स्वतः त्यांच्यातच बसून जमाखर्च लिहीत होते. (त्यांना आवडणारा फ्रेंच चित्रकार आँरी रूसो, तोही पॅरिसच्या जकात नाक्यावरचा कारकून. योगायोग म्हणा.) तुमच्या मुलीने तुमचं दुकान कधी रंगवलंय का? गल्ला, वजनकाटा, मागे लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा? नसेल, तर ती खख्खर यांचा नुसता दाखला देते, त्यांच्याकडून अजून काही घेतलेलं नाही. हे माझ्या नावाने तिला सांगा.

पैशाचंही बोलू. २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात त्यांचं ‘टू मेन इन बनारस’ हे चित्र २५ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. मुलीने तो आकडा तुम्हाला दाखवला असेलच. खख्खर २००३ मध्ये वारले. पद्मश्री हयातीत मिळाली, १९८४ ला, पण लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातलं मोठं प्रदर्शन भरलं २०१६ साली, आणि त्यावरही तिथल्या एका नामांकित समीक्षकाने यथेच्छ तोंडसुख घेतलं. लिलावाच्या आकड्यावर घर चालवायचा हिशेब सीएच्या विद्यार्थिनीने तरी करू नये.

मग या माणसाने धाडस केलंच नाही का? केलं, आणि भलतं मोठं केलं. आपण समलिंगी आहोत हे त्या काळात त्यांनी चित्रातून उघड मांडलं, लपवाछपवी संपवली. खिशाच्या बाबतीत मात्र ते पक्के वाणी राहिले. माझ्या मते दुसऱ्यामुळेच पहिलं जमलं.

म्हणून सीए की पेंटिंग, असा प्रश्न मी मांडणार नाही. आठवड्यात किती तास कशाला, असा मांडेन. ऑइल हे माध्यम या बाबतीत फार सोशिक आहे. पोस्टर कलर पाणी उडालं की वाळतो. ऑइलमधलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. काल रात्री अर्धवट सोडलेला गाल आज संध्याकाळी पुन्हा हलवता येतो. दिवसा दुसरं काम करणाऱ्याला याहून सोयीचा रंग नाही.

तिने आधी दुसरा ग्रुप काढावा. एक ग्रुप हातात असताना अभ्यास टाकून देणं मला पटत नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे, पण ती दोन्ही ग्रुप झाल्यावरच सुरू होते, त्यामुळे निर्णयाला नैसर्गिक थांबा तिथेच आहे. तोवर रोज स्केचबुक, आणि महिन्याला एक पूर्ण कॅनव्हास, फोटोवरून नव्हे तर समोर बघून. मग ते काम घेऊन बडोद्याची कला फॅकल्टी आणि मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय, दोन्हीकडे तिला घेऊन जा, विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा. तुम्ही स्वतः जा. जे.जे.च्या पदवीला प्रवेश परीक्षा असते, बडोद्याच्या फॅकल्टीची स्वतःची चाचणी. दोन्हीकडे रेखाटन हाताने करून दाखवावं लागतं, तिथे भूपेनभाईंचं नाव सांगून भागत नाही. हे सगळं केल्यावरही ती जाते म्हणाली, तर मी तिच्या बाजूने असेन. माझ्याकडे एक मुलगा असाच आला होता. मी त्याला सरळ नोकरी सोडायला सांगितलं. वर्षभरात तो रंग परवडत नाहीत म्हणून पेन्सिलवर आला, मग तेही बंद. तेव्हापासून मी आधी उत्पन्नाचा कागद मागते.

खख्खर यांचं १९८१ चं एक चित्र आहे, ‘यू कान्ट प्लीज ऑल’. बाल्कनीत एक नग्न माणूस पाठमोरा उभा, आणि खाली गावात बाप, मुलगा आणि गाढव चाललेत, आपण शाळेत ऐकलेल्या गोष्टीतले. दोघं मिळून बघा ते एकदा. गाढव कोण, यावर वाद घालू नका.

साडीचा डाग ओला असताना टर्पेंटाइनने पुसता आला असता, वाळल्यावर आता अवघड आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेलाची फडकी गोळा करून पिशवीत किंवा दुकानाच्या पोत्यांत कोंबू देऊ नका. जवसाचं तेल घट्ट होताना तापतं, चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर उलगडून, मोकळ्या हवेत वाळत घालायला सांगा.