टोकियोत खण आळी सापडेल का?

प्रश्न: लेक-जावई टोकियोत असतात. दिवाळीनंतर महिनाभर त्यांच्याकडे जायचं ठरलंय. लेक फोनवर नुसते मॉल दाखवते आणि मला मॉलमध्ये पाच मिनिटांत कंटाळा येतो. आपल्या खण आळीसारखी, रमतगमत हिंडता येईल अशी बाजाराची गल्ली तिथे आहे का? गुडघे दुखतात, तेही सांगून ठेवते.
— एक वाचक, शनिवार पेठ, सातारा

उत्तर: आहेत की, पुष्कळ आहेत! शोतेंगाई म्हणतात त्यांना. गुडघ्यांचं सांगितलंत ते बरं केलंत, पहिलं ठिकाण त्यावरूनच ठरलं: सुगामो. हा बाजार आजीबाईंचाच मानतात. तारीख 4, 14 किंवा 24 बघून जा, त्या दिवशी जत्रेसारखी पालं लागतात. तिथल्या कोगानजी देवळात कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेची मूर्ती आहे. आपलं जे अंग दुखतं, मूर्तीच्या त्याच अंगावर पाणी घालून ते फडक्यानं पुसायचं. रांग असते, पण आपल्याला कुठे घाई आहे? तब्येतीला चांगले म्हणून लालभडक आतले कपडे विकणारं दुकानही याच रस्त्यावर आहे. जावयांना त्या दिवशी घरीच ठेवा.

भाच्याकडे राहिले होते तेव्हा मी स्वतः रमले ती तोगोशी गिंझात. सुमारे 1.3 किलोमीटरचा सरळ रस्ता. 1923 च्या भूकंपात श्रीमंत गिंझा पेठ पडली, तिथल्या विटा आणून इथल्या लोकांनी आपला चिखलाचा रस्ता बांधला आणि नावही तिथलंच लावलं. इथे कोरोक्के गरम मिळतात. दिसायला आपल्या बटाटेवड्याचा सख्खा भाऊ, पण आत बहुधा खिमा असतो. शाकाहारी असाल तर आधी लेकीला विचारायला लावा. खायचं तेही दुकानापाशी उभं राहून. कागद टाकायला रस्त्यात डबा सापडत नाही.

यानाका गिंझाही बघा, फक्त सेंदागी स्टेशनकडून शिरा. निप्पोरीकडून गेलात तर पायऱ्या लागतील.

घासाघीस मात्र विसरा. ‘काहीतरी कमी करा की’ तिथे चालत नाही. त्याची भरपाई वर्षअखेरीला होते. बऱ्याच गल्ल्यांत दुकानदारांचा संघ सोडत ठेवतो. खरेदीवर कुपनं मिळतात, ती देऊन लाकडी पिंप गरगरा फिरवायचं. रंगीत गोळी पडली की घंटा वाजवून बक्षीस देतात, नाहीतर कागदी रुमालांचं पाकीट ठरलेलं.

लहान गावांत गेलात तर अशाच गल्ल्या शटर ओढलेल्या दिसतील. मोठ्या दुकानांना आवर घालणारा 1974 पासूनचा कायदा 2000 साली गेला, हे एक कारण. दुसरं घरातलंच: मालक म्हातारे, पोरं शहरात, आणि वर स्वतः राहतात म्हणून खालचा गाळा भाड्यानं द्यायला मन होत नाही. साताऱ्यातही असे दोन-चार वाडे तुम्हाला माहीत असतीलच.

सुटे येन जवळ ठेवा. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.