अभिनंदनाच्या पानाबद्दल

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

आपल्या साहित्य मंडळाच्या वार्षिक अंकातल्या ‘सदस्यांचे यश’ या पानाचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. नावं, पदं, तारखा जागच्या जागी आहेत, आणि प्रत्येक नावापुढे ‘हार्दिक अभिनंदन’ आहे. ‘मानाचा तुरा’ किती जणांच्या शिरपेचात खोवलास ते मोजायचं सोडून दिलं. अडचण एकच. पान वाचून कोणाला काय मिळालं ते कळतं, पण त्यांनी लिहिलंय काय, याचा पत्ता लागत नाही. कार्यवाह म्हणून तुझं हे पहिलंच वर्ष. या पानावरून मंडळातले निम्मे लोक रुसणार हे ठरलेलंच असतं, त्यामुळे त्याची काळजी सोड आणि पान वाचण्याजोगं कर.

सुरुवातीला तू लिहिलंस की 2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन वर्षं साहित्य अकादमीच्या पुरस्काराने ‘आपल्या भागाचा डंका’ वाजवला. माहिती बरोबर आहे. 2021 ला किरण गुरव, 2022 ला सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर, 2023 ला पन्हाळ्याकडचे कृष्णात खोत. कोल्हापूर आणि त्याला घाट उतरून लागलेलं सिंधुदुर्ग, एवढ्याशा पट्ट्यात तीन वर्षं हा मान आला, याचा आनंद मलाही झाला होता. पण परिच्छेदभर डंका वाजवून तू तिन्ही पुस्तकांची नावं कंसात टाकलीस. ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह आहे, एवढंही त्यातून कळत नाही. ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’मध्ये कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा धागा आहे, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आजही तो खेळ करतात, हे आपल्या वाचकाला सांगितलं तर तो कान टवकारेल. ‘रिंगाण’बद्दल तर एवढंच लिही: धरणामुळे उठलेलं गाव, मागे रानात राहिलेली म्हैस, आणि तिला शोधायला परत गेलेला माणूस. चांदोली, काळम्मावाडी या धरणांची नावं ज्यांच्या घरात रोज निघतात अशी माणसं आपल्या मंडळात बसतात. हे वाक्य वाचून त्यातला एखादा तरी वाचनालयात जाऊन पुस्तक मागेल. डंका ऐकून कोणी जात नाही.

तिथेच आणखी एक गोष्ट घाल, ती नव्या सदस्यांच्या कामाची आहे. अकादमीचा 2023 चा पुरस्कार म्हणजे 2023 मध्ये आलेल्या पुस्तकाचा नव्हे. त्या वर्षी 2017 ते 2021 या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात घेतली होती. खोतांच्या ‘रिंगाण’आधी ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’, ‘धूळमाती’ अशा चार कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या. आपल्याच कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959 ची. तिला 1960 मध्ये अकादमी मिळाला आणि ज्ञानपीठ मिळाला तो 1974 चा. पुस्तक छापून सहा महिने झाले, अजून कोणी दखल घेतली नाही, असं म्हणत दर बैठकीला तोंड पाडून बसणारे दोघेतिघे आपल्याकडे आहेत. नावं मी लिहीत नाही, तुला माहीत आहेत. त्यांनी हा परिच्छेद वाचावा म्हणून तो पानाच्या वरच्या अर्ध्यात राहू दे.

आता चाळणीबद्दल. तुझ्या यादीत सगळे सन्मान एकाच रांगेत उभे आहेत, आणि हे मला अजिबात पटलं नाही. ज्या संस्थेने पुस्तकाच्या प्रती मागवल्या, परीक्षक नेमले, त्यांची नावं जाहीर केली आणि निर्णयाची कारणं दोन ओळींत का होईना दिली, तिचा पुरस्कार हजार रुपयांचा असला तरी मोठ्या अक्षरात छाप. आणि ज्या ‘राज्यस्तरीय’ संस्थेने पुस्तकासोबत प्रवेश शुल्क घेतलं, मग सन्मानचिन्हाचा खर्च म्हणून आणखी काही मागितलं, आणि एका दुपारी सभागृहात साठ-सत्तर जणांना ‘रत्न’ आणि ‘भूषण’ करून सोडलं, ती ओळ काढून टाक. सदस्य विचारेल. सांग, की आपल्या अंकात पैसे भरून मिळालेले सन्मान छापत नाही. हा नियम अंकातच छापलास तर पुढच्या वर्षी तुला कोणाला तोंडाने सांगावं लागणार नाही.

संमेलनाचंही तसंच. साताऱ्याला जाऊन आलेल्या आपल्या पाच-सहा जणांना तू ‘अखिल भारतीय साहित्य संमेलनात सन्मान’ या मथळ्याखाली घातलंस. त्यातले बहुतेक कविकट्ट्यावर वाचून आले. निमंत्रितांचं कविसंमेलन वेगळं, कविकट्टा वेगळा, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. कविकट्ट्यावर शेकडो जण वाचतात, तो उत्सवाचा भाग आहे, त्यात कमीपणा काही नाही. ते ‘मंडळ वृत्त’मध्ये जाऊ दे, छायाचित्रासकट. सन्मान म्हणून सांगायचंच असेल तर हे सांग: 2025 च्या दिल्लीच्या 98 व्या संमेलनाच्या अध्यक्ष सांगलीच्या तारा भवाळकर होत्या, आणि लोकसाहित्य, जात्यावरच्या ओव्या, बायकांची तोंडी परंपरा यांचा अभ्यास हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आपल्या मंडळातल्या दोन बायका घरोघरी जाऊन ओव्या उतरवून घेताहेत. तुझ्या मसुद्यात त्यांचं नाव नाही, कारण त्यांना अजून कोणी शाल दिलेली नाही. त्यांना या पानावर आण. किती ओव्या जमल्या, कोणत्या गावांतून, हे त्यांनाच विचार.

दुसरा एक मोह टाळ, लिखाणाआधी लिहिणाऱ्याचं जगणं सांगायचा. निपाणीचे कथा-कादंबरीकार महादेव मोरे 2024 मध्ये गेले, तेव्हा बहुतेक ठिकाणी पिठाची गिरणी आधी आली आणि पुस्तकं नंतर. गिरणी खरी होती, ते ती चालवत होते. पण तंबाखूच्या वखारीतल्या बायका, गॅरेजमधली पोरं, टॅक्सीवाले यांचं जग त्यांनी मराठीत आणलं, हे मागच्या ओळीत ढकललं गेलं. त्याच वर्षी तुळजापूरच्या देविदास सौदागर यांना ‘उसवण’ या कादंबरीसाठी अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ते शिलाईकाम करणारे, आणि कादंबरीही शिलाईकाम करणाऱ्याचीच. तयार कपड्यांनी शिंप्याचा धंदा कसा खाल्ला, याची. तरी चर्चा त्यांच्या गरिबीची जास्त झाली असं मला वाटतं. सोनाली नवांगुळ यांना सलमा यांच्या तमीळ कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हाही लोक त्यांच्या चाकाच्या खुर्चीपाशी थांबले, अनुवादापर्यंत थोडेच पोचले. तू आपल्या रिक्षावाल्या कवीबद्दल तेच केलंस. ‘रिक्षा चालवून काव्यसाधना’! त्याला वाचून आनंद होईल असं वाटतं का तुला? त्याच्या कवितेतल्या चार ओळी छाप, त्याला विचारून. रिक्षा त्या ओळींत असेलच.

शब्दही जपून वापर. ‘जाहीर झाला’, ‘मिळाला’, ‘स्वीकारला’ यांत फरक असतो. 2020 चा अकादमी पुरस्कार नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. डिसेंबर 2022 मध्ये राज्य शासनाने अनुवादाचा एक पुरस्कार जाहीर करून काही दिवसांतच रद्द केला आणि त्यावरून राजीनामे झाले. तेव्हा पुरस्काराचं पूर्ण नाव, वर्ष, पुस्तक, प्रकाशक आणि समारंभ झाला की व्हायचा आहे, एवढं प्रत्येक नोंदीत तपासून घे. एका नोंदीत तू ‘अकादमी पुरस्कार’ लिहिलंस. कोणती अकादमी? गावोगाव अकादम्या आहेत.

आता जरा अवघड बोलतो. तुझ्याबरोबरच मंडळात आलेल्या त्या मुलाच्या पहिल्या कथासंग्रहाला यंदा पुरस्कार मिळाला. पानभर विशेषणं उधळणाऱ्या तुझ्यासारख्या मुलीने त्याच्याबद्दल एक ओळ लिहिली आहे, तीही शेवटून दुसरी, आणि पुस्तकाचं नाव चुकवलं आहे. मी इतकी वर्षं या मंडळात आहे की मला ते दिसणारच. हेवा वाटला असेल तर वाटू दे, लिहिणाऱ्याला तो होतोच आणि त्याची लाज धरून बसण्यात वेळ घालवू नकोस. पण पुस्तक वाच. संग्रहातली तिसरी कथा त्याला खरी साधली आहे, शेवटची ओढून-ताणून संपवली आहे. तुला वेगळं वाटलं तर तसं लिही. अभिनंदनाच्या पानावर ‘शेवटच्या कथेत घाई झाली आहे’ हे वाक्य चालतं. त्याला ते दहा हारांपेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि पुढच्या वर्षी तुझं पुस्तक आलं की तोही तुझं नीट वाचेल.

तुझ्या स्वतःच्या कवितेची दिवाळी अंकासाठी निवड झाली, ती नोंद तू गाळलीस. घाल. आडनावाच्या क्रमाने जिथे येईल तिथे, इतरांइतक्याच ओळींत.

छापखाना शुक्रवारी मजकूर मागतो आहे. बुधवारपर्यंत दुसरा मसुदा पाठव. जागा कमी पडली तर जाहिरातदारांचे आभार मागच्या पानावर ढकल. अध्यक्षांचा फोटो मोठा करायचा आग्रह होईल, तेव्हा माझं नाव सांग.

तुझा,
सर