वाचकांचे प्रश्न: खेळाचं संगीत लढाईबरोबर बदलतं कसं?

प्रश्न: लळिंगच्या किल्ल्याच्या वेढ्यावर आम्ही स्ट्रॅटेजी गेम करतोय. शांततेची एक धून, लढाईची एक. पण शत्रूचे पाच घोडेस्वार सीमेवर येऊन मागे फिरले, की मिनिटात चार वेळा संगीत बदलतं. काय करावं? (धुळे)

उत्तर: धुनींना हात लावू नका, आधी आकडा सुधारा. ‘शत्रू दिसला की लढाई’ हा नियम काढून ० ते १०० असा धोक्याचा आकडा ठेवा: घोडेस्वाराचे २, तोफेचे ८, तटाला भगदाड पडलं तर ३०. मोजणी दर अर्ध्या सेकंदाला, पण संगीताकडे जाऊ द्या ती शेवटच्या ४ सेकंदांची सरासरी. लढाई ६० ला सुरू होऊ द्या, संपू द्या मात्र ३५ ला. एकदा सुरू झाली की निदान २० सेकंद टिकली पाहिजे. दोन्हींना एकच उंबरठा असला की आकडा ५९-६१ मध्ये हेलकावतो आणि संगीतही त्याच्याबरोबर धडपडतं.

नकाशावरच्या धुक्याआड लपलेलं, खेळाडूला अजून न दिसलेलं सैन्य या आकड्यात मोजू नका. नाहीतर ढोल ऐकूनच खेळाडूला हल्ला कळतो आणि टेहळणीला स्वार पाठवण्यात काही राम उरत नाही. ही चूक फार जणांकडून होते.

आता धुनी. दोन वेगळ्या धुनींपेक्षा एकाच धुनीचे चार थर करा: तानपुरा आणि तुरळक सूर, मग हलका ढोल, मग संबळ, शेवटी सनई. लय मिनिटाला ९६ मात्रांची, चार मात्रांचा एक बार (आवर्तन). म्हणजे एक बार बरोबर २.५ सेकंदांचा आणि ३२ बार ८० सेकंदांचे. ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं) एका बारचे १,२०,००० सॅम्पल होतात, अपूर्णांक उरतच नाही. चारही थर एकाच क्षणी सुरू करा, आवाज शून्यावर ठेवून. मग फक्त आवाज वर-खाली करायचा: चढताना १ बार, उतरताना ४. भीती झटकन येते, ओसरायला वेळ लागतो. गोडो या गेम इंजिनमध्ये ४.३ पासून ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्ड नेमकं यासाठीच आहे. एफमॉड या खेळांच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्येही सोय आहे.

विजयाची वेगळी धून पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवरच येऊ द्या. जास्तीत जास्त अडीच सेकंद थांबावं लागेल. तेवढा वेळ नगाऱ्याच्या एका ठोक्याने झाका.

प्रश्न: लूप फिरताना मध्ये बारीकशी खाच ऐकू येते. (अमळनेर)

उत्तर: फाइल एमपी३ असणार. एमपी३ करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. वेव्ह किंवा ऑग वापरा. तरीही खटकलं तर शेवटच्या सुराची घुमी कापली जातेय. धून सलग दोन फेऱ्या वाजवून एक्स्पोर्ट करा आणि फक्त दुसरी फेरी ठेवा. पहिलीची घुमी दुसरीच्या सुरुवातीला आपोआप येते.

प्रश्न: सातपुड्यात पावरी (आदिवासींचं फुंकवाद्य) आणि होळीचा ढोल रेकॉर्ड करून आणला. बाकीच्या थरांशी जुळत नाही. (शहादा)

उत्तर: पावरीला सुधारू नका. ट्यूनरवर तिचा आधारसूर पाहा. समजा पेटीच्या काळी दोनपेक्षा ३० सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा आहे, तर तानपुरा आणि सनईच ३० सेंट चढवा. यंत्राने पावरीचा सूर ‘बरोबर’ केला की तिच्या मिंडी तुटतात, आणि ज्यासाठी एवढं लांब गेलात तेच हरवतं. ढोल मात्र २-२ बारचे तुकडे करून बसवा, कापायचं ठोक्याच्या अगदी आधी. प्रत्येक ठोका ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) ओढू नका, चाल मरते. पुढच्या वेळी ढोलवाल्यांच्या कानात हेडफोनवर ९६ ची टिकटिक द्या.

मिसळण करताना चारही थर पूर्ण उघडून ऐका. सर्वांत मोठा ठोका -६ डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे, कारण तलवारी आणि आरोळ्या त्याच्या वर येणार आहेत.