‘इतर’च्या रकान्यातले आठ हजार

इंदिरानगरच्या एका ताईंचं पत्र आहे. यजमानांची अंबडहून ठाण्याला बदली होतेय, पगार 15,000 रुपयांनी वाढतोय. विचारतात, ‘नाशकात आमचा इतर खर्च महिन्याला 14,500 आहे. ठाण्यात किती धरू?’ सोबत वहीच्या पानाचा फोटो आहे. दूध, किराणा, गॅस, मुलीची फी, आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून ‘इतर’.

ताई, सरकारी सरासरीवरून तुमचं बजेट बेतता येणार नाही. 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी 6,996 रुपये निघाला, खेड्यातला 4,122. पण त्या हिशेबात नाशिकही शहर आणि ठाणंही शहरच. त्यापेक्षा साधी खूण लक्षात ठेवा. ज्या वस्तूवर एमआरपी छापलेली असते, ती दोन्हीकडे जवळपास त्याच भावाची. साबण, पेस्ट, मोबाइलचा रिचार्ज यांचे तुमचे 2,900 तसेच राहतील. फरक पडतो तो माणसाच्या मजुरीत. धुण्याभांड्याच्या मावशींचे 1,800 चे 3,000 धरा, कटिंग-दाढीचे 600 चे 900. उलट पाहुण्यांचे 1,200 तिथे 400 वर येतील. त्र्यंबकेश्वरला पूजेसाठी आलेले नातेवाईक नाशकात तुमच्याकडे उतरतात, आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. ठाण्यात तेवढी वर्दळ नसेल. बेरीज 7,200 होते, तुम्ही 8,000 धरा.

मग वहीत 14,500 कसे? कारण त्यात 8,000 पॉलिसीचा हप्ता आहे. खरा इतर खर्च 6,500 चाच. हप्ता त्या रकान्यात गेला आणि दोन वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

तुम्ही लिहिता, मावसदिरांनी ‘मुलीच्या शिक्षणासाठी, पैसे दुप्पट’ म्हणून ही पॉलिसी दिली. 12 वर्षं हप्ते, 20 वर्षांनी साधारण 23 लाख, विमा 10 लाखांचा. घेतली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा ती 27 ची असेल. कॉलेजची फी 18 व्या वर्षी लागते! हे कागदावर सही घेताना सांगायला नको होतं का? भरायचे 11.5 लाख, मिळायचे 23, म्हणून ‘दुप्पट’. एवढ्या वर्षांनी दुप्पट म्हणजे जेमतेम पाच टक्के व्याज.

त्याहून मोठी काळजी विम्याची आहे. पॉलिसी सोडून तुमचा घरखर्च 42,000, वर्षाला पाच लाख. यजमानांचं उद्या काही बरंवाईट झालं तर 10 लाख दोन वर्षांत संपतील, तेव्हा मुलगी अकरा वर्षांची असेल. घर एका पगारावर चालतं, आणि त्या पगारामागे एवढाच आधार आहे.

आता पुढचा हिशेब. पॉलिसी आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर भरलेल्या 1,92,000 पैकी हमीची किमान रक्कम साधारण 30 टक्के, म्हणजे 58,000 च्या आसपास. प्रत्यक्ष आकडा कंपनीकडून लेखी मागवा, जास्तही निघू शकतो. सव्वा लाखाच्या वर बुडतील, मनाला लागेल. पण ते वाचवायला अजून 9.6 लाख घालायचे का, हा खरा प्रश्न आहे.

वर्षाचे 96,000 मोकळे झाले की यजमानांच्या नावावर एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. त्याला वर्षाला 18,000 धरू. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. उरलेले 78,000 दरवर्षी सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत. पहिल्या वर्षी त्यात सरेंडरचे 58,000 घाला. 8.2 टक्के व्याज टिकलं, तर दहा वर्षंच भरूनही पॉलिसी संपायच्या सुमारास 25 लाख होतात. व्याजदर दर तिमाहीला बदलू शकतो, तरी अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, आजच्या दराने सुमारे साडेपाच लाख. आणि डोक्यावर विमा दहापट.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करायची नाही. यजमानांची तब्येत, जुनी औषधं, तंबाखू, जे असेल ते अर्जात खरं लिहा. मावसदीर दुखावतील, दिवाळीला विषय निघेल. निघू द्या.

बदलीचं म्हणाल, तर इंदिरानगरचा फ्लॅट 12,000 ला जाईल आणि ठाण्यात भाडं 30,000, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे 18,000 जास्त, वर इतर खर्चाचे दीड हजार. 15,000 च्या वाढीत महिन्याला साडेचार हजारांची तूट आहे. यजमानांनी घरभाड्याचं कंपनीशी बोलूनच होकार द्यावा.

बदलीला अजून वेळ आहे, सुकन्येला नाही. मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत खातं उघडावं लागतं आणि ती आता नऊ वर्षांची आहे. जन्मदाखला घेऊन याच आठवड्यात पोस्टात जा. सुरुवातीला 250 रुपये भरले तरी खातं उघडतं.