झेनचं ऑइल नेमकं गळतंय कुठून?

प्रश्न : मिस्त्री, वडिलांची १९९७ सालची कार्ब्युरेटरवाली मारुती झेन मी अजून चालवतो. हल्ली रात्री उभी केली की सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ऑइलचे थेंब दिसतात. दोन महिन्यांत अर्धा लिटर ऑइल वरून घालावं लागलं. इथल्या गॅरेजमध्ये रॅम्पवर घेऊन खालून बघितलं आणि ‘क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणून सांगितलं. शेजारी म्हणतात, जाड ऑइल टाका, गळायचं थांबेल. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : गिअरबॉक्सला एवढ्यात हात लावू देऊ नका. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, सील गेलेलं असूही शकतं, पण थेंब जिथे पडतो तेवढंच बघून ते ठरवता येत नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे रेटलं जातं. झेन म्हटलं की माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर, जातो.

तुमच्या ९९३ सीसीच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हा हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला, कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी बसवलेला असतो. त्याच्या मानेवर एक रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं हेडचा ताव खाऊन ती चपटी आणि बांगडीसारखी कडक होते. बाहेर काढताना कट्‌कन मोडते, इतकी. तिथून झिरपलेलं ऑइल हेडवरून गिअरबॉक्सवर उतरतं आणि खालच्या सांध्याशी येऊन टपकतं. खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागचं सील गेल्यासारखं दिसतं. आमच्या उद्यमनगरात अशा झेन आणि एस्टीम मी पाहिल्यात, ज्यांचा गिअरबॉक्स उतरवून सील घातलं आणि गाडी घरी जाते न जाते तोच पुन्हा थेंब सुरू. दुखणं किरकोळ किमतीच्या रिंगेत होतं आणि मालकाने गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी भरली. याचा मला मनापासून राग येतो, कारण तपासायला एक सकाळ पुरते.

आधी इंजिन धुवा. थंड इंजिन, बॅटरीचं टर्मिनल काढलेलं, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. ब्रश आणि डिग्रीजर घेऊन टॅपेट कव्हरपासून (हेडवरच्या झाकणापासून) खाली चेंबरपर्यंत, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यापर्यंत, सगळा मळ काढा. प्रेशरचं पाणी मारू नका, विजेच्या जोडांत शिरलं तर दुसरंच लफडं उभं राहतं. पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. मग जिथे संशय आहे तिथे साधी टाल्कम पावडर भुरभुरवा : टॅपेट कव्हरच्या कडेला, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, हेड आणि ब्लॉकच्या सांध्याला, ऑइल प्रेशर स्विचभोवती. बेल्ट आणि पुलीवर पावडर नको. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवा, मग एक छोटी फेरी मारून या. टॉर्च आणि दाढीचा आरसा घेऊन बघायला बसा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची काळपट रेघ उमटलेली दिसेल. ती रेघ धरून वर वर जा. सगळ्यांत उंचावरची ओली जागा सापडली की ती पहिली धरा. खालच्या ओल्या जागांचा विचार ती सुधारल्यावर.

थेंब बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. तसा वास आला तर गळती इंजिनची नाही, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील बघावं लागेल.

रेघ डिस्ट्रिब्युटरपाशी संपली तर काम सोपं आहे, पण घाई नको. बोल्ट ढिले करण्याआधी डिस्ट्रिब्युटरचं बूड आणि हेड यांच्यावर मिळून एक आडवी खूण करा, म्हणजे टायमिंगचा, ठिणगी पडण्याच्या वेळेचा, अंदाज हातात राहील. बाहेर काढल्यावर जुनी रिंग काढताना अल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका. नवी रिंग मापाचीच घ्या, तिला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि मग बसवा. तिथे सिलिकॉन थापणारे भेटतात, त्यांना थांबवा. आत गेलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर गळतीपेक्षा मोठं संकट. बसवताना आतले दात खाचेत जात नसतील तर ठोकू नका, शाफ्ट अर्धा फेरा फिरवा, जातील. शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घ्या. कॅपच्या आतच ऑइल सापडलं, तर मात्र बाहेरची रिंग नाही, डिस्ट्रिब्युटरचं आतलं सील गेलंय.

आणखी एक गोष्ट कुठलंही सील बदलण्याआधी करायचीच. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. कागद हलकासा चिकटला किंवा थरथरला तर ठीक. उडून गेला आणि धुराचे भपकारे आले, तर चेंबरमध्ये दाब साठतोय. इंजिनातली वाफ बाहेर नेणारा ब्रीदरचा पाइप आणि त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलेला असू शकतो, तो आधी साफ करा. व्हॉल्व्ह काढून हलवला तर खडखड वाजला पाहिजे. सगळं साफ असूनही दाब असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, आणि तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासावं. दाब तसाच ठेवून नवं सील घातलं तर तेही काही दिवसांत ओलं होतं, नाहीतर शेजारचं पॅकिंग फुटतं.

हे सगळं कोरडं निघालं आणि तरी इंजिन-गिअरबॉक्सच्या मधूनच इंजिन ऑइल येत असेल, तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. मग गिअरबॉक्स उतरवाच. त्या वेळी क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघून घ्या, झिजलेली असतील तर तेव्हाच बदला. मजुरी तीच लागते.

जाड ऑइलचं म्हणाल तर नको. कडक झालेली रिंग त्याने मऊ होत नाही, आणि थंडीत इंजिन सुरू करताना जाड ऑइल वर हेडपर्यंत उशिरा पोहोचतं. काम होईपर्यंत नेहमीच्याच ग्रेडचं घाला आणि दर आठवड्याला सपाट जागी डिपस्टिक बघा. ऑइलचा लाल दिवा चालताना लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा. सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड तापलेला असतो, त्यावर ऑइल पडून जळका वास यायला लागला तर थेंब लहान असला तरी गाडी वापरू नका. आग लागू शकते.

प्रश्न : सर्व्हिसिंगनंतर दोनच दिवसांत आमच्या वॅगनआरखाली पार्किंगमध्ये ऑइलचं थारोळं दिसलं. आधी एक थेंबही नव्हता. ज्यांनी ऑइल बदललं ते म्हणतात, गाडी जुनी झाली.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ऑइल बदलल्यावर लगेच गळती लागली, तर ज्याला हात लागला तेच आधी तपासायचं. गाडीचं वय मध्ये आणायचं कारण नाही. पहिलं ऑइल फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच कसला जातो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाबाने मधली सरकते आणि ऑइल भसाभसा येतं. दुसरं, चेंबरचा ड्रेन बोल्ट. त्याचा वायसर दर वेळी नवा लागतो. वायसर बदलूनही पाझरत असेल तर आटे गेलेत का ते बघायला सांगा. बोल्ट आणखी आवळू देऊ नका, त्याने उरलेले आटेही जातील.

थारोळं आहे म्हणताय, तेव्हा गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. आधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टो करून न्या, आणि फिल्टर तुमच्यासमोर खोलायला लावा.